जांभळ्या झाकणाची नळी

फोन आला तेव्हा सुधा रुग्णालयातून घरी येणार म्हणून मी यादी करत होते. पलंगावरची चादर बदलणे, न्हाणीघरात स्टूल ठेवणे, संजीवनीला निरोप पाठवणे असे तीन मुद्दे लिहून झाले होते आणि चौथ्याचा नुसता आकडा घातला होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधी माझं नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग म्हणाले, "काकू, तुम्ही घरी एकट्याच आहात का?" तेवढ्यावरूनच मला कळलं. पुढचं त्यांनी जे काही सांगितलं ते मी "हो, हो" करत ऐकून घेतलं, वेळ विचारली, वहीत लिहिली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ती वेळ मी यादीतल्या चारच्या आकड्यापुढे लिहिली आहे. चौथा मुद्दा काय होता ते मला अजून आठवत नाही.

या गोष्टीला सात आठवडे होतील. इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सुधाबद्दल काही लिहा, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या नातवंडांना उद्देशून लिहीन, कारण प्रश्न त्यांचा आहे. तेव्हा ईशान आणि मीरा, हे तुमच्यासाठी. इतर वाचकांसाठी एवढंच सांगते की सुधा माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तिने तीसेक वर्षं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर ती रत्नागिरीला, माळनाक्याच्या आमच्या घरी राहायला आली. माझे यजमान तोवर गेले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवून मोकळी झालेली. त्या घरात आम्ही दोघी अकरा वर्षं राहिलो. या मुलांची ती आत्याआजी.

ईशान, ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "आजी, आत्याआजी आयुष्यभर टीबीवरच काम करत होती ना? मग तिला स्वतःला टीबी झालाय हे कसं कळलं नाही?" मी म्हटलं, "नंतर सांगते बाळा, आत्ता दारात माणसं आली आहेत." दारात कोणी नव्हतं. उत्तर मला येत नव्हतं. आजही येतं असं नाही. पण जे जे झालं ते क्रमाने मांडलं तर कदाचित तुम्हाला काही दिसेल, जे मला दिसत नाही.

सुधाचं काम नक्की काय, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. आमच्या सासूबाईंना तर अजिबातच नाही. गणपतीला सगळे घरी यायचे आणि सुधाचं पत्र यायचं की मला येता येत नाही, पेशींना खायला घालायचं आहे. सासूबाई म्हणायच्या, "आमची सुधा तिथे काय गुरं राखते की काय? एक दिवस शेजाऱ्यांना सांग म्हणावं." पण ते तसंच होतं. माणसाच्या रक्तातल्या पेशी काढून ती काचेच्या आणि प्लास्टिकच्या बशांत वाढवायची, अंगाच्या उबेइतकी ऊब धरणाऱ्या कपाटात त्यांना ठेवायची आणि दोन दिवसांआड त्यांचं पाणी बदलायची. त्या पेशी एक पदार्थ सोडतात, त्याचं नाव इंटरफेरॉन गॅमा. तो किती सोडतात, कधी सोडतात, कुणाच्या पेशी जास्त सोडतात आणि कुणाच्या कमी, हे मोजण्यात तिचा जन्म गेला. मोजताना शहाण्णव लहान लहान खळगे असलेली एक पट्टी असते. त्यात आधी निळा रंग चढतो आणि आम्लाचा थेंब टाकला की पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितका तो पदार्थ जास्त. मी एकदा तिच्याकडे मुंबईला गेले असताना तिने मला ती पट्टी दाखवली होती. मला ती हळदीच्या डागांसारखी दिसली आणि मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "वहिनी, हे तू माझ्या साहेबांना सांग, त्यांना इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलेलं नाही."

तो पदार्थ करतो काय, हे मला कळलं ते मीरामुळे. तुम्ही दोघं लहान असताना सुट्टीत आला होतात आणि आपण सगळे आरे-वारेला गेलो होतो. पाण्यात जायला बंदी होती म्हणून मीरा रुसली होती, आणि सुधाने तिला वाळूवर बसवून गोष्ट सांगायला घेतली. "समज, आपल्या घरात चोर शिरला आणि आपल्या राखणदाराने त्याला खोलीत कोंडला. कोंडला म्हणजे काम झालं असं त्याला वाटलं, नि तो ओसरीवर बसला विडी ओढत. चोर आत मजेत. आतल्या डब्यातलं खातोय, पितोय, जाडजूड होतोय. मग कुणीतरी धावत येऊन ओरडायला हवं ना, की अरे, नुसता काय कोंडून बसलास, आत जा नि त्याचा निकाल लाव? ती जी हाक असते ना, तिचं नाव इंटरफेरॉन गॅमा. एका जातीच्या पेशी ती हाक घालतात, नि जंतू गिळून बसलेल्या दुसऱ्या जातीच्या पेशी ती ऐकतात नि कामाला लागतात." मीराने विचारलं, "आणि कुणी हाकच मारली नाही तर?" सुधा म्हणाली, "तर चोर दार फोडून बाहेर येतो." काही मुलं जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पेशींना ती हाक ऐकूच येत नाही, आणि मग लशीतला मवाळ जंतूसुद्धा त्यांना आजारी पाडू शकतो, हेही तिने सांगितलं. मीरा तेव्हा घाबरली आणि मी सुधाला डोळ्यांनी दटावलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "म्हणजे हे इंटरफेरॉन चांगलं." ती म्हणाली, "चांगलं. पण जास्त झालं, किंवा नको तिथे होत राहिलं, की तेच आपलं अंग पोखरतं. हाकेने घर जागं होतं तसं घरात भांडणही होतं." मी म्हटलं, "मग चांगलं की वाईट? एक काय ते सांग." सुधा हसली. "अगो वहिनी, तुला प्रत्येक गोष्टीला एक डबा हवा असतो आणि डब्यावर चिठ्ठी. शरीरात डबे नसतात."

डब्यांवरून ती मला कायम चिडवायची. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख असते हे खरं आहे. कपाटात घरातल्या प्रत्येकाच्या तब्येतीची वेगळी फाइल असते, हेही खरं. आमच्या आळीतल्या चार घरांचे रिपोर्ट मीच वाचून देते, कारण ते इंग्रजीत असतात. डॉक्टरी कळत नाही, पण 'नॉर्मल' कुठे लिहिलंय आणि कुठे नाही एवढं कळतं. सुधाच्या फाइलवर मी हिरवी पट्टी लावली होती.

एक गोष्ट मला इथे आधीच सांगायला हवी, कारण नंतर ती महत्त्वाची झाली. सुधा नुकतीच राहायला आली तेव्हा एकदा जेवताना तिने प्रयोगशाळेतला एक किस्सा सांगितला होता. एका रविवारी वीज गेली आणि ते उबेचं कपाट काही तास गार पडलं. त्या दिवशी कामावर असलेल्या मुलीने वीज आल्यावर सगळं होतं तसं केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. सुधा पुढे तीन महिने त्या पेशींचे आकडे घेऊन डोकं फोडत होती, की हाक इतकी बारीक का येते. शेवटी त्या मुलीला रडू कोसळलं तेव्हा कळलं. मी विचारलं, "काढून टाकलीस तिला?" सुधा म्हणाली, "छे. वीज जाणं ही काय तिची चूक? आणि चूक असती तरी चालते गो. लपवलेली चालत नाही. लपवलेली चूक आकड्यांत जाऊन बसते, मग ती कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही." मी तेव्हा जोरात मान हलवली होती. शाळेत मी मुलांना हेच शिकवत आले होते.

गेल्या दोन वर्षांत सुधाचे सांधे धरू लागले. बोटं सुजायची, सकाळी पेला उचलता यायचा नाही. गोळ्या चालू होत्या, त्यांनी चेहरा सुजला पण बोटं ऐकेनात. कोल्हापूरहून महिन्यातून एकदा येणारे सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन सुरू करू, पण ते इंजेक्शन शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून आधी अंगात कुठे टीबी लपलेला नाही ना ते बघू. त्यासाठी जी रक्ताची तपासणी, ती म्हणजे इंटरफेरॉन गॅमा मोजायची. सुधाला हसू आवरेना. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचं मोजलं, आता म्हणतात तुझी पाळी."

ऑक्टोबरातली गोष्ट. रक्त घ्यायला संजीवनी आली. ही पालीजवळच्या एका गावची, इथे रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि घरोघरी जाऊन रक्त घेते. सुधाची तिच्यावर फार माया. आली की सुधा तिची परीक्षा घ्यायची आणि तीही तेवढ्याच तयारीने उत्तरं द्यायची. त्या दिवशी तिने चार नळ्यांत रक्त घेतलं. चारींची झाकणं वेगवेगळ्या रंगांची होती, त्यातलं एक जांभळं. सुधाने प्रत्येक नळी हातात घेऊन दहा वेळा हलवायला लावली, मोठ्याने मोजत. मागच्या आळीत संजीवनीला अजून दोघांचं रक्त घ्यायचं होतं. सुधा म्हणाली, "त्या उन्हात गाडीच्या डिकीत माझ्या पेशी भाजू नकोस. इथेच ठेव, मी बघते, जाताना ने." चारही नळ्या एका स्टीलच्या पेल्यात उभ्या करून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. संजीवनी गेली. सुधा अंघोळीला गेली. सुजलेल्या सांध्यांमुळे तिला अंघोळीला पाऊण तास लागायचा.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर जेवणाच्या टेबलावर रक्त. बाहेर रणरणतं ऊन, पेल्याभोवती एक माशी. मी एक क्षणही विचार केला नाही. आमच्याकडे यजमानांचं इन्सुलिन वर्षानुवर्षं फ्रिजच्या दारात असायचं, तुमच्या लशी आणल्या होत्या त्याही तिथेच ठेवल्या होत्या. टिकवायचं ते गारव्यात, एवढं मला ठाऊक. पेला उचलला आणि फ्रिजच्या दारात, कोकमाच्या बाटलीशेजारी ठेवून दिला. तास-सव्वा तासाने बेल वाजली, मी नळ्या काढल्या, त्यांच्यावर आलेलं दव पदराने पुसलं आणि संजीवनीच्या हातात दिल्या. सुधा तेव्हा आत वेणी घालत होती. मला वाटलं, काम व्यवस्थित झालं.

रिपोर्ट आठवड्याने आला. मीच पहिल्यांदा वाचला. टीबीच्या दोन्ही नळ्यांपुढे लहानसे आकडे होते, तेव्हा मी म्हटलं, "सुधा, काही नाही, टीबी नाही." आणि फाइल उघडली. सुधा म्हणाली, "खाली काय लिहिलंय ते वाच." खाली लिहिलं होतं, इनडिटरमिनेट. म्हणजे सांगता येत नाही. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण रिपोर्टावर हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. 'हो' नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. फाइलमध्ये तो कुठे लावायचा ते मला कळेना.

मी चहा करत होते. सुधा ओट्याशी खुर्ची ओढून बसली आणि मला समजावू लागली. त्या चार नळ्यांपैकी एक कोरी. दोन नळ्यांत टीबीच्या जंतूचे तुकडे लावलेले असतात. अंगातल्या पेशींची त्या जंतूशी जुनी ओळख असेल तर त्या ते तुकडे बघून हाक घालतात. आणि चौथी ती जांभळ्या झाकणाची. तिच्यात असं काही असतं की कोणाच्याही, अगदी कोणाच्याही पेशींनी ओरडायलाच हवं. "तुझ्या भाषेत सांगू? वर्गात हजेरी घेतेस. 'हजर' असा एकही आवाज आला नाही, तर सगळा वर्ग गैरहजर मांडशील? आधी बघशील ना, तुझा आवाज तरी त्यांना ऐकू जातोय का. जांभळी नळी त्यासाठी असते. ती ओरडली नाही, म्हणून बाकीच्यांच्या गप्प बसण्याला काही अर्थ नाही."

"पण ती का ओरडली नसेल?" मी विचारलं.

"दोन कारणं असू शकतात," सुधा म्हणाली. "एक तर माझ्या पेशीच दमल्या आहेत. या गोळ्यांनी म्हणा, वयाने म्हणा. नाहीतर… नळ्या वाटेत कुठेतरी गार पडल्या असतील. पेशींना ऊब लागते, वहिनी. विरजणासारखं आहे ते. दूध कोमट असलं तर लागतं, नाहीतर नुसतं बसून राहतं."

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. मला तो पेला दिसत होता, कोकमाच्या बाटलीशेजारचा. सुधा राहायला येईपर्यंत या घरातलं दही चाळीसेक वर्षं मीच लावलं होतं. विरजलेलं दूध मी कधी फ्रिजमध्ये ठेवलेलं नाही. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "साखर कमी घालू का आज?" सुधा काही क्षण माझ्याकडे बघत राहिली, निदान आता मला तसं आठवतं. मग म्हणाली, "घाल नेहमीसारखी."

का बोलले नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते. सुधा रागावली नसती. मला वाटतं, या घरात नीट ठेवण्याचं काम माझं होतं आणि इतर कसलंही नव्हतं. सुधा शिकलेली, शोध लावणारी. मी डबे लावणारी. त्या डब्यातच चूक निघाली, हे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मनाशी म्हटलं, पुन्हा करायचीच आहे तपासणी, तेव्हा मी नळ्यांना हात लावणार नाही म्हणजे झालं.

इंजेक्शन अर्थातच सुरू झालं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, रिपोर्ट स्पष्ट आल्याशिवाय मी देणार नाही. सुधा त्यांच्यावर खूश झाली. "बघ, 'माहीत नाही' हे उत्तर किती कामाचं असतं. तुझ्यासारखं कुणी 'टीबी नाही' म्हणून मोकळं झालं असतं, आणि ते इंजेक्शन घेतलं असतं, नि आत चोर असता तर?" पुन्हा रक्त लगेच काढायचं होतं, पण दोन-तीन दिवसांत तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. तिचं म्हणणं पडलं, ताप उतरू दे, गोळ्या थोड्या कमी होऊ देत, मग काढू, म्हणजे उत्तर चांगलं येईल. ताप सांध्यांचाच असेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. खोकला नव्हता. असे पाच आठवडे गेले. ताप उतरला नाही, सुधा उतरली. गालांची हाडं दिसू लागली.

दुसऱ्या वेळी संजीवनीने रक्त घेतलं तेव्हा सुधाने त्या चारही नळ्या एका रुमालात बांधून स्वतःच्या काखेत धरल्या. संजीवनीची मागच्या आळीतली कामं होईपर्यंत ती खुर्चीत तशीच बसून होती, पिल्लं उबवणाऱ्या कोंबडीसारखी. मी समोरच बसले होते. ती म्हणाली, "या वेळी तरी बोलतील." मी तेव्हाही बोलू शकले असते.

या वेळीही रिपोर्ट तोच आला. जांभळी नळी गप्प. तो हातात पडला तोवर सुधाला धाप लागू लागली होती. छातीचा फोटो काढला तर दोन्ही बाजूंना मोहरी सांडावी तसे ठिपके. टीबी सगळ्या अंगात पसरला होता. औषधं त्याच दिवशी सुरू झाली. पंधरा दिवस ती रुग्णालयात होती, मधले काही दिवस बरे गेले, म्हणून तर मी यादी करत होते. शेवटच्या भेटीत तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, दही कोण लावतं गो आता?" मी म्हटलं, "मीच. पण तुझ्यासारखं लागत नाही." ती म्हणाली, "घाई करतेस. उघडून बघतेस." एवढंच बोलणं झालं.

ती गेल्यानंतर तेरा-चौदा दिवसांनी संजीवनी भेटायला आली. तिने शहाळी आणली होती, ती ठेवली आणि बराच वेळ सुधाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजी, एक बोलू? मनात ठेवून बरं नाय वाटत. त्या पहिल्या दिवशी तुम्ही नळ्या दिल्यात ना, त्या हाताला गार लागल्या मला. मी गाडीवरनंच सुधाकाकूंना फोन केला. म्हटलं, परत येते, नवीन रक्त घेते. तर त्या हसल्या. म्हणाल्या, 'वहिनीने फ्रिजात टाकल्या असतील, दुसरं काय. तू जा घेऊन, बघू काय येतंय. आणि तिला बोलू नको हां. ती वहीत लिहून ठेवील नि जन्मभर वाचत बसेल.'"

मी म्हटलं, "तिला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं," संजीवनी म्हणाली. "मी नंतर पण दोनदा बोलले, काकू, परत काढूया. बोलायच्या, थांब गो जरा."

तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गुंता झाला आहे तो सुटत नाही, आणि मला गुंते ठेवायची सवय नाही. तिला माहीत होतं, तर दुसऱ्याच दिवशी रक्त का काढलं नाही? मला वाईट वाटू नये म्हणून? इतक्या मोठ्या गोष्टीसाठी इतकं लहान कारण सुधा देणार नाही. की तिला ते इंजेक्शनच नको होतं, आणि माझ्या फ्रिजने तिला आयतं निमित्त दिलं? की रक्त काढलं तर काय निघेल याची तिला धास्ती होती? तिच्याइतकं कुणाला कळणार होतं, की संध्याकाळचा ताप म्हणजे काय असू शकतं. तिने चहाच्या वेळी "नळ्या गार पडल्या असतील" असं म्हटलं, तेव्हा ती मला काही शिकवत नव्हती. तिला ते ठाऊक होतं. ती दार उघडून धरून बसली होती, आणि मी साखरेचं विचारलं. मग ती पाच आठवडे थांबली ती तापासाठी, की माझ्यासाठी? जिला लपवलेली चूक चालत नसे तिने माझी का चालवून घेतली? आणि स्वतःचं गुपित माझ्यापासून का लपवलं? दोघी एका टेबलावर दोन वेळा जेवत होतो. मला यातलं काहीच सांगता येत नाही.

मी सांध्यांच्या डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. सगळं सांगितलं, फ्रिज, कोकम, सव्वा तास. हे सांगताना मला लाज वाटली नाही, फक्त ज्याला सांगायचं तो माणूस हा नव्हे असं वाटत राहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "काकू, तेवढ्या गारव्याने नळी गप्प बसली असेल, नसेलही. दुसऱ्यांदा नीट ठेवूनही ती गप्पच होती, म्हणजे पहिल्या वेळीही त्यांच्या पेशी दमलेल्याच असू शकतील. शिवाय ही तपासणी जंतूशी ओळख आहे एवढं सांगते, आजार जागा झालाय की नाही ते सांगत नाही." मी विचारलं, "पण ते पाच आठवडे? तेव्हा ती नळी बोलली असती तर तुम्ही शोधलं असतं ना?" ते म्हणाले, "शोधलं असतं. सापडलं असतं का, ते सांगता येत नाही."

तर ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. आत्याआजीने ज्या हाकेचा जन्मभर अभ्यास केला, ती हाक तिच्या अंगातून आली नाही. ती दमल्यामुळे आली नाही की तुझ्या आजीने ती गोठवली, हे माहीत नाही. मला माझ्यावर दोष घेता येत नाही आणि टाळताही येत नाही. दोन्हींपैकी एक झालं असतं तर मी ते सहन केलं असतं. सुधा असती तर म्हणाली असती, बघ, पुन्हा डबा शोधतेस.

तिच्या खोलीत तिचा एक राखाडी लोकरीचा मफलर आहे. रत्नागिरीच्या हवेत मफलर कशाला, असं तुम्ही तिला विचारायचात. मुंबईच्या प्रयोगशाळेत एक शीतखोली होती, तिथे काम करताना ती तो गळ्याला गुंडाळायची. इथे आल्यावर तिने त्याला नवं काम दिलं. थंडीच्या दिवसांत दही लागायला वेळ लागतो म्हणून विरजणाच्या भांड्याला ती तो मफलर गुंडाळायची. बोटं सुजल्यापासून तिला दुधाचं कोमटपण बोटाला कळत नसे, तर मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायची. एकदा गुंडाळलं की सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही, असा तिचा दंडक होता आणि तो मोडला की मी बोलणी खायचे.

काल तिन्हीसांजेला मी दूध मनगटावर बघितलं, विरजण घातलं, मफलर गुंडाळला. नेहमी भांडं ओट्याच्या कोपऱ्यात असतं. काल ते मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं, जिथे तो पेला होता तिथे. मग तिच्या खुर्चीसमोर बसले. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "सुधा, नळ्या मी फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या."

मोठ्याने म्हटलं. बाहेर कुणाची तरी रिक्षा वळली, मग तीही गेली. मी दोन्ही हात मफलरवर ठेवून बसून राहिले. भांडं अजून कोमट होतं. झाकण उघडलं नाही.